चेरीपर्यंत

"यात जेवत नाही ना तुम्ही?" टेबलापलीकडच्या पोरीनं वाडगा उलटा करून बुडाचा शिक्का बघता बघता विचारलं. विचारण्यात तसं काही नव्हतं. बाहेर गारठा आहे ना, असं कुणी विचारावं, तसं. आर्डिस मॅकव्हे हसून "छे, छे" म्हणाली आणि आपण खोटं का बोललो हे तिचं तिलाच कळलं नाही. जत्रेच्या मैदानावरच्या त्या पत्र्याच्या लांबलचक हॉलमध्ये दर नोव्हेंबरात जुन्या भांड्यांचा बाजार भरायचा. सगळं ओहायोतल्या बंद पडलेल्या कारखान्यांचं काम, जाड, जड, दगडासारखी भाजलेली चिनीमाती. आर्डिस वर्षानुवर्षं तिथं येत होती. तिला ओळखणारे विक्रेते होते, "चेरीवाली बाई आली" म्हणून टेबलाखालची खोकी वर काढणारे होते. ही पोरगी मात्र नवी होती. आर्डिसनं घरून टॉवेलात गुंडाळून आणलेला वाडगा तिच्यापुढं ठेवला होता, तो याच्या जोडीचा, अगदी असाच, पण रंग शाबूत असलेला मिळेल का हे विचारायला. "नाही जेवत ते बरंच," पोरगी म्हणाली. "टॅलमनच्या कारखान्याचा हा लाल रंग वाईट. शिसं असतं त्यात. कपाटात मांडून ठेवायला झकास. पण आंबट काही घातलं, टोमॅटो म्हणा, सफरचंद म्हणा, की सुटायला लागतो. आणि तुमच्यातला तर पार गेलाय की! चेरी कुठाय? नुसता देठ उरलाय. याला गिऱ्हाईक नाही मिळायचं." आर्डिसनं वाडग्यात वाकून बघितलं. रोज बघत होती ती, पण आज दुसऱ्याच्या हातात होता म्हणून असेल, नीट दिसलं. हिरवा देठ, दोन पानं आणि त्यांच्याखाली मातकट पांढरा गोल डाग, चमचा घासून घासून गुळगुळीत झालेला. "गेला कुठं?" तिनं विचारलं. "काय?" "रंग. गेला कुठं तो?" पोरगी खळखळून हसली. "जाणार कुठं? कुणाच्या तरी पोटात!"

गाडीत येऊन बसल्यावर तिनं किल्ली फिरवली नाही. समोरच्या काचेवर तिच्याच श्वासाचं धुकं धरत होतं आणि त्या धुक्यातून माणसं खोकी छातीशी धरून, बाळं धरावीत तशी, आपापल्या गाड्यांकडे जात होती. कुणाच्या तरी पोटात. कुणाच्या म्हणजे लायलच्या. दुसऱ्या कुणाचा चमचा त्या वाडग्याला कधी लागलाच नव्हता. लायल मॅकव्हे, तिचा एकुलता एक मुलगा, आता त्रेचाळीस वर्षांचा, मानेवरचे केस पिकायला लागलेला, सुपरमार्केटमध्ये लोकांचं सामान पिशव्यांत भरून देणारा, रस्ता ओलांडताना अजून तिचा हात शोधणारा लायल. रोज सकाळी तो त्या वाडग्यात ओटची लापशी खायचा. आणि ही खायची पद्धत कुणी शिकवली? तिनंच. दोन वर्षांचा होता, खायला कुरकुर करायचा, तेव्हा ती म्हणायची, "चेरीपर्यंत जायचं हं लायल. खाली चेरी लपून बसलीय. शोध बघू!" मग तो लापशी उपसत, जीभ बाहेर काढून, चमच्यानं बूड खरवडायचा, आणि लाल रंगाचा पहिला तुकडा दिसला की टाळ्या पिटायचा. चेरी दिसली तरी थांबायचा नाही, तिच्यावर चमचा घासत राहायचा, ती निघून हातात येईल म्हणून. ती ओट्याशी उभी राहून हसायची. तो आवाज, चिनीमातीवर चमचा घासल्याचा, तिला इतका आवडायचा, की नवरा म्हणायचा, "दात शिवशिवतात माझे, थांबव त्याला." तिनं थांबवलं नव्हतं. पोर खातंय ना, मग?

त्या रात्री तिनं स्वयंपाक केला नाही, लायलला बाहेर हॅम्बर्गर खायला नेलं. तो खूश झाला, आज कुणाचा वाढदिवस आहे का म्हणून दोनदा विचारलं. त्याच्या ओठांच्या कडेला टोमॅटोचा सॉस लागला होता, तिनं रुमालानं पुसला आणि पुसता पुसता तिचा हात थबकला. सफरचंदाचा गर. त्याचं पोट दुखायचं लहानपणी, गुडघे पोटाशी घेऊन रडायचा, तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं होतं, सफरचंद शिजवून द्या, पोट साफ होईल. तिनं शिजवून, गाळून, कोमट करून दिलं होतं. कशात दिलं होतं? त्याच्या लाडक्या वाडग्यात. दुखणं थांबेना म्हणून आणखी दिलं होतं. आता लायल तीन वर्षांचा झाला तेव्हाचा तो संपूर्ण हिवाळा तिच्या डोळ्यांपुढं उलगडत गेला आणि त्यातली एकेक गोष्ट, जिला आजवर काहीच अर्थ नव्हता, तिच्याकडे बोट दाखवायला लागली. तो ट्रक म्हणायचा, बर्फ म्हणायचा, खिडकीशी उचलून धरलं की चंद्राला "मून" म्हणायचा, आणि मग एके दिवशी म्हणेनासा झाला. तिला वाटलं, रुसलाय. तिनं खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा विचारलं, ते काय रे लायल, ते काय? तो चंद्राकडे बघायचा, मग तिच्याकडे, जणू हिला एवढं कसं माहीत नाही. शब्द एकेक करून घरातून निघून गेले, नाताळ संपल्यावर पाहुणे जातात तसे, आणि परत आले तेव्हा मोजके आणि थकलेले होते.

त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून म्हटलं होतं, "कधी कधी असं होतं." एवढंच. या 'कधी कधी'ला धरून आर्डिसनं जन्म काढला होता. हॉबर्टला, तिच्या नवऱ्याला, ते पुरलं नाही. त्याला कारण हवं होतं, आणि त्यानं शोधून काढलं. "तुझा तो एल्मरमामा नव्हता का, जेवताना स्वतःशी हसणारा? तुमच्या रक्तातच आहे." लायल सात वर्षांचा असताना तो टायरच्या कारखान्यातल्या एका बाईबरोबर इंडियानात निघून गेला आणि जाताना रक्ताची गोष्ट तेवढी मागं ठेवून गेला. तिनं किती संध्याकाळी जुने फोटो काढून एल्मरमामाचा चेहरा निरखला होता! त्या हसण्यात लायल दिसतो का? दिसायचा. नाही दिसायचा. पण रक्त असलं तरी ते तिनं निवडलेलं नव्हतं. रक्ताला कुणी दुकानात जाऊन आणत नाही. वाडगा तिनं आणला होता. पोटुशी होती, टॅलमनला कारखान्याच्या अंगणात खोट असलेला माल स्वस्तात विकायचे तिथं हॉबर्ट घेऊन गेला होता. पुढच्या फळीवर साधे तपकिरी वाडगे होते, धडधाकट, रंगवलेले नसलेले. तिनं त्यांच्यावरून हात लांबवून मागच्या ओळीतला चेरीचा वाडगा उचलला. हॉबर्ट म्हणाला होता, "तपकिरी घे, डाग दिसत नाहीत." तिनं ऐकलं नाही. तो लांबवलेला हात तिला आता स्वच्छ दिसत होता, कोटाच्या बाहीतून बाहेर आलेलं मनगट, लग्नातलं घड्याळ, आणि त्या हाताला मागं ओढायला कुणी नव्हतं.

आणि मग बाकीची भांडी. ती कुणासाठी जमवली? आधी लायलसाठीच. नवी ताटली दिसली की तो जेवायचा नाही, ओरडायचा, म्हणून चेरीचीच धुंडाळत गेली. मग तिलाच त्याची सवय झाली आणि सवयीचं वेड. पाणीखात्याच्या कचेरीत आठवडाभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि शनिवारी कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणी मेलेल्याच्या स्वयंपाकघरात, चर्चच्या तळघरात फिरायचं. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, नाद ऐकायचा, तडा नाही ना बघायचं. हातात घेतलं की त्या भांड्यांचा गारवा आणि वजन मनगटात उतरायचं, आणि तेवढ्या वेळापुरतं तिला कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखं वाटायचं. ताटल्या, पेले, सुपाची झाकणवाली भांडी, लोण्याची डबी, मिठाचं भांडं. घरातल्या चारही कपाटांतून लाल चेऱ्या तिच्याकडे बघायच्या, आणि ती त्यांच्याकडे. आयुष्यात मला एवढं एक सुख मिळालं, असं ती शेजारणीला म्हणायची. शेजारीण म्हणायची, "तुझी चेरी तुला लखलाभ, मला धुवायला एक प्लेट पुरते."

रविवारी पहाटे लायल हातात सँडविच घेऊन कामावर गेला आणि तिनं भांडी उतरवायला घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यांत भरून, गॅरेजमध्ये रचली. कपाटं रिकामी झाली तेव्हा कागद चिकटवलेल्या फळ्यांवर गोल गोल फिके डाग उरले. लायलचा वाडगा तेवढा तिनं पर्समध्ये घातला. बाजारातून निघताना त्या पोरीनं सांगितलं होतं, टॅलमनमध्ये एक म्हातारी अजून आहे, व्हर्ना स्टॉट्स नावाची, या चेऱ्या रंगवायची. हौशी लोक जातात तिच्याकडे, ताटलीमागं सही करून घ्यायला. आर्डिसला सही नको होती. काय हवं होतं, ते कोलंबसमधल्या आपल्या घरून टॅलमनपर्यंतच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या कापलेल्या मक्याच्या शेतांमधून जाताना ती स्वतःला विचारत होती.

व्हर्ना ऐंशी ओलांडलेली, दारातच बसलेल्या लठ्ठ कुत्र्याला पायानं बाजूला सारून म्हणाली, "ये पोरी, ये. कुत्रं चावत नाही, फक्त वास मारतं." स्वयंपाकघरात तिनं कॉफी ओतली. पेल्यावर चेरी नव्हती, कुठल्याशा बँकेचं नाव होतं. आर्डिसनं वाडगा टेबलावर ठेवला. म्हातारीनं चष्मा लावला, वाडगा तिरका करून आत बघितलं आणि अंगठा त्या पांढऱ्या डागावरून हळूच फिरवला.

"चांगलं खाल्लंय कुणीतरी," ती म्हणाली.

"माझ्या मुलानं."

"मोठ्या भट्टीत हा लाल जळून जायचा गं. म्हणून पक्क्या भाजलेल्या भांड्यावर वरून लावायचो आणि लहान भट्टीत नुसता शेकायचो. म्हणून तर असा चमकायचा. आणि म्हणून निघायचा."

"त्यात शिसं होतं, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

व्हर्नानं चष्मा काढला. "ब्रशाला टोक काढायला आम्ही तो ओठांत धरायचो. असा." तिनं ओठांचा चंबू केला आणि त्या सुरकुतल्या चेहऱ्यावर क्षणभर एक तरुण मुलगी येऊन गेली. "दुपारी मुकादम एकेक बाटली दूध द्यायचा. प्या म्हणायचा, सगळं संपवा. आम्हाला वाटायचं, काय मायाळू कारखाना! घरी जाऊन नवऱ्यांना सांगायचो, तुम्हाला देतं का कुणी दूध? ते दूध शिशावरचा उतारा म्हणून होतं, ते पुष्कळ वर्षांनी कळलं. तोवर आमच्यातली ल्युसील गेली, पेगीचे हात गेले. ठाऊक होतं का म्हणतेस? ज्यांना होतं, ते मेलेत. आता कुणाला धरतेस?"

"माझ्या मुलाचं डोकं..." आर्डिस म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यात कधी पुरं केलं नव्हतं आणि आताही केलं नाही. "तो तीन वर्षांचा होईपर्यंत बरा होता. बोलत होता. मग... यानं झालं असेल का ते? तुम्ही सांगा. तुम्ही रंग लावत होतात. यानं होतं का असं?"

"मला पाच पोरं," व्हर्ना म्हणाली. "पाचही याच ताटल्यांत जेवली. एक शाळेत शिकवतो. एक तुरुंगात जाऊन आलाय. एकीला फिट्स यायच्या, मग बंद झाल्या. आता यातलं चेरीचं किती, बापाचं किती आणि माझ्या जिभेचं किती, ते कोण सांगणार? हे भांडं सांगणाराय?"

"पण होऊ शकतं."

"होऊ शकतं."

"म्हणजे मीच केलं."

म्हातारीनं चष्मा घडी करून टेबलावर ठेवला. कुत्रं टेबलाखाली उसासलं. "तुला हो ऐकायचंय की नाही, ते ठरव आधी पोरी," ती म्हणाली. "इतक्या लांब गाडी हाकत आलीस. नाही म्हटलं तर तुला पटायचं नाही. आणि हो म्हणायला मी काही देव नाही."

परतीच्या वाटेवर तिला कळलं, की तिला 'हो' हवं होतं. 'हो' मिळालं असतं तर कुठंतरी भिंतीला पाठ टेकली असती. दोषाचीही एक विसाव्याची जागा असते. आता उरलं होतं ते 'होऊ शकतं', आणि 'कधी कधी असं होतं'पेक्षा ते वेगळं नव्हतं. फक्त त्यात आता तिचा हात होता. मग तिच्या मनात आलं, एकच माणूस आहे ज्याला हे कळायचा हक्क आहे. त्याला सांगितलं पाहिजे. सांगून टाकलं, म्हणजे मग... मग काय, याचा विचार तिनं पुढं केला नाही. सांगायचं, एवढं ठरल्यावर तिला एकदम भूक लागल्यासारखं झालं, हलकं झालं. वाटेत एका दुकानाशी थांबून तिनं कागदी वाडग्यांचा गठ्ठा घेतला आणि सुपाचे दोन डबे घेतले.

दार उघडलं आणि पाऊल टाकायला जागा नव्हती. दारापासून भांडी मांडलेली होती. कोचावर, खुर्च्यांवर, टेलिव्हिजनवर, जिन्याच्या पायरी पायरीवर ताटल्या, पेले, झाकणं, आणि त्या सगळ्यांतून वर बघणाऱ्या लाल चेऱ्या. वर्तमानपत्रांचे बोळे स्वयंपाकघरात ढीग करून ठेवले होते. लायल जमिनीवर बसला होता, कामाचा हिरवा एप्रन अजून अंगावर, शेवटचं खोकं पायांत धरून.

"मी सगळी काढली," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "एकपण फुटलं नाही. मॉम, तू जाऊ नको."

"मी कुठं जातेय?"

"डॅरेलची आई गेली तेव्हा आधी खोकी भरली होती. मग डॅरेलला त्या घरात ठेवलं. जिथं सगळ्यांची नावं खुर्च्यांवर असतात." डॅरेल हा दुकानात त्याच्याबरोबर सामानाच्या ढकलगाड्या गोळा करणारा. "माझा वाडगा पण नाहीये. मी सगळीकडे बघितलं."

ती ताटल्यांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली आणि कोटासकट त्याच्याजवळ खाली बसली. गुडघे कडाडले. पर्समधून वाडगा काढला तसे त्याचे डोळे लकाकले, त्यानं हात पुढं केला, आणि तिनं तो दिला नाही.

"ऐक लायल. यात आता खायचं नाही. कशातच नाही. या रंगात विष होतं. तू लहान होतास, मी तुला यात खायला द्यायची, रोज. मला माहीत नव्हतं रे. पण मीच दिलं. त्यानं तू आजारी झालास."

"मी कुठं आजारी होतो?"

"आजारी म्हणजे ताप नव्हे. तुझं..." तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. "इथलं. तू आधी खूप बोलायचास. बाकीच्या मुलांसारखा झाला असतास. शाळा, लग्न, सगळं. यामुळं तू मागं राहिलास. हळू झालास. माझ्यामुळं."

झालं. बोलून झालं. ती वाट बघत राहिली. त्यानं ओरडावं, वाडगा हिसकावून भिंतीवर आपटावा, तिच्या तोंडात मारावी, काहीही. लायल आपल्या हातांकडे बघत होता, वर्तमानपत्राच्या शाईनं काळ्या झालेल्या बोटांकडे. तो विचार करताना ओठ हलवायचा, तसे हलवत होता.

"मला माहितेय मी स्लो आहे," शेवटी तो म्हणाला. "दुकानात सगळे म्हणतात. बसमध्ये म्हणतात. डॅड म्हणायचा." मग त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी आपल्या खोलीतला दिवा काढून नेलाय आणि का नेलाय ते विचारावं की नाही, असं काहीतरी होतं. "तू म्हणत नव्हतीस."

इतकी वर्षं तिनं बाकी काय दिलं, काय चुकलं, हे मोजता आलं नसतं. पण एक जागा दिली होती, चार भिंतींची, जिच्यात लायल हळू नव्हता, नुसता लायल होता. स्वतःचं ओझं उतरवायला तिनं ती आत्ता, कोटाची बटणंसुद्धा न काढता, मोडून टाकली होती. वाडग्यानं काय केलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हे मात्र तिनंच केलं होतं, आणि हे तिच्या डोळ्यांसमोर झालं होतं. "लायल," ती म्हणाली, "मला तसं नव्हतं म्हणायचं." "ओके," तो म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक ओरडलं की तो म्हणतो तसं, शिकवलेलं, खाली बघून. आईशी तो असा ओके कधी म्हणाला नव्हता.

तिनं सूप गरम केलं. थोडं ओट्यावर सांडलं. दोघं टेबलाची एक बाजू रिकामी करून जेवायला बसले. लायल कागदी वाडग्यातलं सूप नेटकं, आवाज न करता पीत होता. ती मधे मधे त्याच्याकडे बघायची, तो बघायचा नाही. कामावर काय झालं, दुकानातली ती नेहमीची कुत्रावाली गिऱ्हाईक आली होती का, असं तिनं विचारलं, तर "हो" म्हणाला. खिडकीबाहेर शेजारणीनं अंगणातला दिवा लावला, त्याचा उजेड जिन्यावरच्या ताटल्यांवर पडला. जेवण झाल्यावर तो उठला, नळ सोडला, आणि कागदी वाडगा आतून बाहेरून साबण लावून धुवायला लागला. पाण्यानं तो मऊ पडला, कडा वाकली. त्यानं ती बोटांनी सरळ केली, पुन्हा धुतला, आणि भांडी निथळत ठेवायच्या जाळीत उपडा घातला. वाडगा हळूहळू एका बाजूला कलला.

हे धुवायचे नसतात, टाकून द्यायचे असतात, हे आर्डिसच्या अगदी ओठांवर आलं. ती उठली, खुंटीवरचं फडकं घेतलं, तो ओला लिबलिबीत वाडगा दोन्ही हातांत धरून अलगद पुसला, आणि रिकाम्या फळीवर ठेवून दिला.